मदत हवी आहे : डी४ विरुद्ध लास्कर डिफेन्स

नमस्कार मंडळी. माझी पुतणी शाळेच्या बुद्धिबळ स्पर्धांमध्ये खेळते. तिला डी४ (पांढरा वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकून सुरुवात करतो ती चाल) विरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी एक भरवशाची ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चालींची पद्धत, शिकवायची आहे. त्यासाठी आनंद-टोपालोव्ह, सोफिया, ११ मे २०१० हा १२ वा डाव काढला. जगज्जेतेपदाच्या लढतीतला शेवटचा डाव, गुण ५.५-५.५, आणि आनंद काळ्याकडून लास्कर डिफेन्स खेळला!

त्यात क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डमधून (पांढऱ्याने देऊ केलेलं सी४ चं प्यादं काळा घेत नाही ती ओपनिंग) ७व्या चालीला काळ्याचा घोडा ई४ वर जातो. मग उंट आणि घोड्यांची मारामारी होऊन काळ्याची अडचण सुटते, पुढे बी६ आणि सी५. हे तिला पटकन समजलं. ३०व्या चालीपासून तर ती पटावरून हलेना: आधी एफ५, मग ई५ चं प्यादं ई४ वर, आणि ए८ च्या कोपऱ्यात गप्प बसलेल्या उंटाचा तिरपा रस्ता मोकळा. टोपालोव्हने ते प्यादं मारलं आणि त्याचा राजा उघड्यावर आला. काय डाव आहे!

अडतंय ते वेगळ्या ठिकाणी. टोपालोव्हने ९व्या चालीला हत्ती सी१ खेळला. पण पांढऱ्याने तिथे सी×डी५ (सी४ च्या प्याद्याने डी५ चं प्यादं मारणं) खेळून, सी३ वर प्याद्याने घोडा मारून, वजीर बी३ वर आणला तर? काळ्याच्या हत्ती डी८ पर्यंत कळतं. पुढे पांढरा सी४ खेळला की पटाचा मध्य सोडायचा की धरून ठेवायचा, हे तिला नीट समजावता येत नाहीये.

नुसत्या चाली नकोत, त्यामागचा विचार सांगाल का? आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना हा डिफेन्स कुणी शिकवलाय का?