चेन-स्प्रॉकेट घरीच बदललं: नागपूरकरांनो, अनुभव लिहा

पावसाळा सरला की आपल्याकडं गाड्यांच्या चेनी कुरकुरायला लागतात. मे महिन्याची धूळ आणि नंतर काळ्या मातीचा चिखल, वंगण टिकेल कसं? मी स्प्लेंडरची चेन-किट (चेन आणि ती ज्यांवर फिरते ती पुढची-मागची दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट) अंगणातच बदलली, तर आता जो तो विचारून राहिला, घरी जमते का? जमते. ज्यांनी स्वतः केलं त्यांनी लिहा. गाडी कोणती, कुठं अडलं, चेन किती ढिली ठेवली, सगळं सांगा.

माझं आधी सांगतो. पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट चेन गाडीवर असतानाच सैल करून घ्या. गिअर टाकायचा, घरच्या कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगायचं. चेन एकदा काढली की स्प्रॉकेट धरायला काही उरत नाही. बोल्ट निघाल्यावर स्प्रॉकेटला अडवून धरणारी वरची पट्टी सरळ ओढून येत नाही. ती किंचित फिरवून तिचे दात शाफ्टच्या खाचांशी जुळवले की अलगद बाहेर येते. हे माहीत नसलं की लोक पेचकस घालून ठोकत बसतात.

मानेवाडा, शाईन
चेन ताणताना चाक हळूहळू पूर्ण फिरवून बघा. एका जागी ती घट्ट लागते, एका जागी ढिली. माप घट्ट जागेवर घ्यायचं. आमच्या गाडीला दोन ते तीन सेंटीमीटर झोल ठेवतो, बाकीच्यांनी आपापलं मॅन्युअल बघावं. ढिल्या जागेवर माप घेऊन ताणली तर घट्ट जागी बेअरिंगवर जोर येते.

हिंगणा एमआयडीसी, पल्सर
मी फिटर आहे, म्हणून जरा जास्त लिहितो. चेन ‘लांबते’ म्हणजे पट्ट्या ताणल्या जातात असं नाही. पिना आणि बुश झिजतात, प्रत्येक कडीत केसभर फट वाढते आणि सगळ्या फटी मिळून चेन लांब होते. बहुतेक छोट्या गाड्यांना ४२८ ची चेन असते, तिच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर. चेन ताणून धरा आणि वीस कड्या मोजा. नवी असेल तर २५४ मिलिमीटर भरतील. २५९ च्या आसपास गेली की तिला निरोप द्या. मोजपट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढा. अर्धा दात उघडा दिसला, म्हणजे संपली.

आणि किट पूर्ण टाका. लांबलेल्या चेनीनं दात एका बाजूला झुकवलेले असतात. त्यांच्यावर नवी चेन चढवली की तीही लवकरच तशीच होते. एका दुकानात माझ्या भावाला ‘नुसती चेन टाकून घ्या, भागते’ म्हणून सांगितलं आणि पाऊस संपायच्या आत पुन्हा खडखड सुरू झाली. किट घेताना दुकानातच जुन्या आणि नव्या स्प्रॉकेटचे दात मोजून घ्यायचे.

कामठी रोड, ३५० सीसी
ओ-रिंगवाली चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश लांबच ठेवा, रबराच्या रिंगा खराब होतात. रॉकेल, मऊ ब्रश, मग कोरडं फडकं. रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून मी चेन क्लीनर वापरतो. तेल संध्याकाळी फेरफटका मारून आल्यावर देतो. कोमट चेनीत ते आत उतरते. आणि तेल देताना चाक हातानंच फिरवायचं. इंजिन चालू करून, गाडी गिअरमध्ये टाकून चेनीला फडकं धरायचं नाही, बोटं जातात.

नंदनवन, स्प्लेंडर
भाऊ, तुमची पट्टी फिरवायची गोष्ट वाचून माझ्या मुलीनं अर्ध्या तासात स्प्रॉकेट काढलं. चाक उघडलंच होतं तर आतले कपलिंग रबरही (हिसका झेलणारे रबराचे तुकडे) बदलून टाकले. जुने दाबून चपटे झाले होते. गिअर टाकताना बसणारा हिसका त्यांचाच होता, आम्ही उगाच चेनीवर खापर फोडत होतो.

सक्करदरा, पल्सर
चेन ताणायच्या ॲडजस्टरवरच्या खुणांवर पूर्ण भरवसा ठेवू नका. दोन्ही बाजूंनी स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बोल्टापासून एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) मध्यापर्यंत टेपनं मोजा. फरक राहिला तर चाक तिरपं बसते आणि स्प्रॉकेटचे दात एकाच कडेनं खाल्ले जातात. एक्सल नट पूर्ण कसल्यावर झोल पुन्हा बघा, कसताना चाक थोडं सरकते.

महाल, शाईन
चेनलॉकच्या, म्हणजे चेनीची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या, क्लिपचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून सांगतो. क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेनं पळते तिकडं, उघडं तोंड मागं. उलट बसली तर काही लागून ती निसटू शकते. जुनी क्लिप परत लावू नका, किटमध्ये नवी येते. आणि पक्कडीनं बसवल्यावर ती दोन्ही पिनांच्या खाचेत नीट बसली का ते टॉर्च मारून बघा.