'अरबी' सिलेक्ट केलं तरी मीटिंगचं ट्रान्सक्रिप्ट चुकतं त्याबद्दल

वर विचारलंय की लँग्वेज 'अरबी' ठेवूनही कैरोच्या टीमच्या मीटिंगचं ट्रान्सक्रिप्ट (सॉफ्टवेअरने बोलणं ऐकून लिहिलेला मजकूर) भलतंच का येतं, तर अहो बातम्यांमधली प्रमाण अरबी मीटिंगमध्ये कोणीच बोलत नाही. 'मला पाहिजे' म्हणजे पुस्तकात 'उरीद', कैरोत 'आयेझ', बैरुतला 'बिद्दी', आणि हृदयाला 'क़ल्ब' तर कैरोवाले 'अल्ब' म्हणणार नि आखातातले 'गल्ब'. त्यामुळे बोलणारा कुठला ते आधी विचारा, इजिप्त, सौदी असा देशवार पर्याय असेल तर तोच घ्या. झूममध्ये प्रत्येकाचा ऑडिओ वेगळा रेकॉर्ड करता येतो, ते सेटिंग चालू कराच, एकावर एक बोलणं आलं की घोळ होतोच. आणि 'आयेझ'चं 'उरीद' होऊन आलं तर प्लीज तसंच सोडू नका, माणूस जे बोलला तेच लिहिलेलं हवं.