'मेसेज ट्रॅफिक'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :
शहरी माणसाच्या मोबाइल वापरावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. 'मेसेज ट्रॅफिक'साठी 'संदेशवाहतूक' लिहिलं, पण वाचताना डोळ्यांपुढे मालट्रक येतो. रहदारी, वर्दळ, राबता यांतलं काय बसेल?

प्रतिसाद १ :
शब्दासोबत कोणतं क्रियापद येतं ते बघा. रहदारी तुंबते, खोळंबते, वळवली जाते. वर्दळ वाढते, थंडावते. म्हणजे रहदारी रस्त्याची, वर्दळ माणसांची.

रोमचंच बघा. २००६ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सेन्सेबल सिटी लॅबने, कार्लो रात्ती यांच्या पुढाकाराने, त्या शहरातला मोबाइल वापर नकाशावर मांडला. त्याच वर्षी ९ जुलैला फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना होता, इटली विरुद्ध फ्रान्स. सामना बर्लिनला, पण तो रोमच्या नकाशावर दिसतो! खेळ चालू असताना फोन गप्प, मध्यंतराला उसळी, आणि पेनल्टीवर इटली जिंकल्यावर तर विचारूच नका. अख्खं शहर श्वास रोखून बसलंय, हे फोनच्या शांततेतून कळतं. तिथे 'रहदारी कमी झाली' लिहिलंत तर सगळा जीवच जाईल. 'वर्दळ थंडावली' लिहा.

प्रतिसाद २ :
मोबाइल कंपनीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून रहदारीची बाजू घेतो. एसएमएस थेट समोरच्याच्या फोनवर जात नाही. आधी संदेश केंद्रात जातो, तिथून पुढे सुटतो. समोरचा फोन बंद असेल तर तिथेच मुक्काम. ३१ डिसेंबरच्या रात्री बाराला पाठवलेल्या शुभेच्छा कित्येकदा पहाटे पोचायच्या. याला तुंबणंच म्हणतात.

शिवाय दिवाळीला, नववर्षाला 'ब्लॅकआउट डे' असायचा. त्या दिवशी एसएमएस पॅक चालत नसे, पूर्ण दर पडे. म्हणून आमच्या घरी वडील आदल्या रात्रीच, जेवणं आटोपली की चष्मा लावून बसायचे आणि एकेका नातेवाइकाला शुभेच्छा धाडायचे. दर वाढला म्हणून माणसं गप्प बसली नाहीत, फक्त वेळ बदलली. 'रहदारी'चंच जुनं रूप 'राहदारी', म्हणजे जुन्या काळी वाटेवरची जकातही. त्या अर्थाने ब्लॅकआउट डे ही राहदारीच होती.

प्रतिसाद १ :
हे मान्य. यंत्रणेबद्दलच्या वाक्यात रहदारीच हवी.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही आभार. अडलेलं वाक्य मात्र वेगळंच आहे : कोणत्या वस्तीतून कोणत्या वस्तीत मेसेज जास्त जातात, यावरून शेजारी असूनही तुटलेल्या वस्त्या ओळखता येतात.

प्रतिसाद १ :
मग 'राबता'! मूळ अरबी शब्दाचा अर्थच संबंध, दुवा. मराठीत तो सततच्या येण्याजाण्याला लागला, पण त्यातलं नातं सुटलेलं नाही. ज्या घरी आपला राबता असतो, तिथे चहा विचारत नाहीत, थेट टाकतात.

प्रश्नकर्ती :
असं लिहिते : 'या दोन वस्त्यांमध्ये अंतर फक्त एका रस्त्याचं, पण मेसेजांचा राबता नाही.'