मदत हवी आहे: सगळ्याच बायका 'चांगलंच आहे' म्हणतात, पुढे विचारू काय?

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी मुंबईतल्या एका रुग्णालयात स्तनाचा कॅन्सर चौथ्या स्टेजला असलेल्या महिलांना उपचार आणि सेवेबद्दलचं समाधान विचारतेय. प्रश्नावली ईओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेची, इन-पॅटसॅट३२. ३२ प्रश्न, डॉक्टर, नर्स आणि व्यवस्था यांना 'वाईट' ते 'उत्कृष्ट' अशा पाच पायऱ्यांवर जोखायचं. (त्यांचीच दुसरी प्रश्नावली, क्यूएलक्यू-सी३०, का नाही, असं कुणी विचारण्याआधी सांगते: ती जीवनाची गुणवत्ता मोजते, समाधान नाही.)

आतापर्यंत २२ जणी झाल्या. जवळजवळ सगळ्यांचं 'उत्कृष्ट'! एक मावशी तर प्रत्येक उत्तराआधी मुलाकडे बघत होत्या. त्याच मावशी नंतर लिफ्टपाशी म्हणाल्या, "हाडात गेलंय हे मला रिपोर्ट वाचणाऱ्या शेजारणीनं सांगितलं गं." फॉर्मवर मात्र 'डॉक्टरांनी दिलेली माहिती: उत्कृष्ट'.

युनिफॉर्मऐवजी साध्या कपड्यांत जाऊन पाहिलं, नाव लिहीत नाही हेही दोनदा सांगितलं. फरक शून्य. नातेवाइकांना बाहेर थांबा म्हटलं की बाईच घाबरते. बऱ्याच जणींना वाचता येत नाही, त्यामुळे मीच वाचून दाखवते. घरी फोन करायची परवानगी नाही, कारण काहींना आजार किती पसरलाय हेच घरच्यांनी सांगितलेलं नाही. मूळ प्रश्नांचे शब्द बदलता येत नाहीत. शेवटी दोन मोकळे प्रश्न जोडायला एथिक्स कमिटीची हरकत नाही.

पेशंटशी रोज बोलणाऱ्या नर्स, समाजसेविका किंवा स्वतः यातून गेलेल्या ताईंना विचारायचंय: ते दोन प्रश्न कोणत्या शब्दांत विचारले, तर तक्रार केल्यासारखं न वाटता बाई खरं बोलेल?