इरावतीबाईंनी 'आपली संस्कृती' नेमकी कोणाला समजावली?

कोरडवाहू

मानववंशशास्त्र मराठी घरांत आलं ते इरावती कर्व्यांमुळे, आणि तेही ललित लेखांच्या वाटेनं. माझं म्हणणं सरळ आहे. आज आपण महाभारतातल्या माणसांवर हात न जोडता भांडतो, 'तुमच्यात मामाची मुलगी चालते का हो' असं चारचौघांत विचारतो, आणि चालीरीतींना देवाच्या आज्ञा न मानता माणसांनी केलेली व्यवस्था म्हणून बघतो. या सवयीचं बरंचसं श्रेय बाईंना द्यायला हवं.

ज्यांनी फक्त महाभारतावरचं 'युगान्त' वाचलंय त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. जन्म १९०५, ब्रह्मदेशात. इरावदी नदीवरून नाव. शिक्षण पुण्यात, मग मुंबईला समाजशास्त्रज्ञ घुर्यांकडे एम. ए. आणि १९२८ साली बर्लिन. तिथं मार्गदर्शक कोण, तर ऑयगेन फिशर. नाझींच्या वंशशुद्धीला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांत पुढं ज्याचं नाव आलं, तोच. बाईंना काम मिळालं माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक मोजण्याचं. गोऱ्यांच्या कवट्या यात वेगळ्या निघतील आणि त्यावरून बुद्धीचं श्रेष्ठत्व दाखवता येईल, असा गुरुजींचा होरा. बाईंनी एकेक कवटी हातात घेऊन मोजली आणि लिहून टाकलं की या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, विशीतली मुलगी, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच सिद्धान्ताविरुद्ध!

मग १९३९ पासून डेक्कन कॉलेज, आणि १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरचं मोठं पुस्तक. त्यातली एकच गोष्ट सांगतो. उत्तरेत मुलगी द्यायची ती लांब, अनोळखी गावात, नातं नसलेल्या घरात. दक्षिणेत ती बऱ्याचदा मामाच्या नाहीतर आत्याच्या घरात जाते, म्हणजे सासू तिला लहानपणापासून ओळखते. आपण मधल्या पट्ट्यात: मुलाला मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही, कारण वेल परत फिरवायचा नाही. डोक्यावरचा पदर किती खाली, माहेराला किती वेळा जायचं, सासऱ्यासमोर बोलायचं की नाही, अशा कितीतरी गोष्टी या मांडणीतून उलगडायला लागतात. 'आमच्याकडं असंच असतं' याला पहिल्यांदा 'का' असं विचारलं गेलं.

बोला आता.

खडकाळ

असहमत. आणि मुळापासून असहमत.

'मराठी घरांत' म्हणजे कोणाच्या घरांत? बाई रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढल्या, महर्षी कर्व्यांच्या सून, नवरा फर्ग्युसनचा प्राचार्य. यात त्यांचा दोष नाही. पण त्यांचं लिखाण वाचणारा वर्ग तोच होता, आणि 'संस्कृती' म्हणून त्या वर्गाच्या हाती जे लागलं त्यात एक मोठी गोष्ट गाळलेली होती.

१९१६ साली पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. त्यांचा मुद्दा असा की जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. एका वर्गानं, आणि तो म्हणजे पुरोहित वर्गानं, आपली दारं आधी लावून घेतली; मग बाकीच्यांनी अनुकरण म्हणून लावली किंवा त्यांच्यासाठी ती बाहेरून लावली गेली. म्हणजे यात कर्ता आहे, कृती आहे.

आता बाईंची मांडणी बघा. जाती म्हणजे मुळात निरनिराळे गट, एकमेकांशेजारी येऊन राहिलेले, आपापली चाल राखून. एकानं दुसऱ्याला पूर्ण गिळलं नाही म्हणून सगळे टिकले. ऐकायला छान वाटतं. पण या चित्रात दार कोणी लावलं हा प्रश्नच उरत नाही, सगळे जणू आधीपासून आपापल्या खोलीत होते! हिंदू समाजावरचं त्यांचं ते पुस्तक १९६१ चं आहे. पाचच वर्षांपूर्वी नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धर्म स्वीकारून ते घरच सोडलं होतं.

कवटीची गोष्ट मलाही आवडते. पण बर्लिनमधल्या धाडसावर पुण्यातली मांडणी तपासल्याशिवाय सोडून द्यायची का?

थोरलं_चाक

खडकाळ, तुम्ही बाईंच्या मांडणीतला सोयीचा अर्धाच भाग घेतलात.

त्यांचं भांडण मुळात कोणाशी होतं? स्वतःच्या गुरूशी. घुर्ये म्हणत, एक जात फुटत फुटत पोटजाती झाल्या. बाई म्हणाल्या, उलट आहे: नाव एक असलं तरी आतले गट निरनिराळे, आणि ते एकाच धंद्यामुळे किंवा दर्जामुळे एका नावाखाली आले. कुंभारांचं घ्या. मी कुंभाराच्याच घरातला आहे, म्हणून हेच उदाहरण. आमच्यात थोरचाके निराळे, लहानचाके निराळे, हातानं थापून घडवणारे निराळे. लाकडी चाक केवढं, ते काठीनं फिरवायचं की हातानं, माती बैलावर आणायची की गाढवावर, यावरून सोयरिकी अडत. माझ्या आजोबांना 'आपण सगळे कुंभार एकच' हे वाक्य जातसंघाच्या मेळाव्यात जाईपर्यंत माहीत नव्हतं.

हेच त्यांनी ब्राह्मणांना लावलं. कोकणस्थ, कऱ्हाडे, देशस्थ यांची मोजमापं घेतली आणि म्हणाल्या की हे एका मुळातून फुटलेले दिसत नाहीत. आता सांगा, 'ब्राह्मण म्हणजे एक शुद्ध वंश' या समजुतीखाली यापेक्षा मोठा सुरुंग कोणी लावला असता? आणि लावणारी स्वतः चित्पावन, जिचा एम. ए.चा प्रबंधही चित्पावनांवरच.

नाकसमोर

सुरुंग वगैरे ठीक आहे, पण तो कशाच्या जोरावर? नाकाची रुंदी आणि डोक्याची लांबी!

वि. म. दांडेकरांबरोबर १९५१ साली महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापनाचं पुस्तक काढलं. दांडेकर पक्के संख्याशास्त्री, आकडेमोडीत खोट नसणार. पण गावोगाव जाऊन, माणसाला उभं करून, कॅलिपर लावून नाक मोजायचं, मग त्याची जात लिहायची आणि दोन्हींचा ताळा बसतो का बघायचं, ही पद्धत कुठून आली? माझा आक्षेप एवढाच की बाईंनी फिशरला उत्तर दिलं, पण फिशरची हत्यारं पिशवीत घालून परत आल्या.

आता जनुकांचा अभ्यास झालाय. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ आणि हार्वर्डचे लोक यांनी मिळून दाखवलं की भारतातले दोन मोठे पूर्वजगट साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात मोकळेपणानं मिसळत होते, आणि मग मिसळणं जवळजवळ थांबलं. म्हणजे आधी दारं उघडी होती, नंतर लागली. खडकाळ यांनी १९१६ चा जो निबंध सांगितला, त्याच्याशी हे जास्त जुळतं.

थोरलं_चाक

१९५१ साली जनुकं कुठून आणायची होती बाईंनी? हाताशी कॅलिपर होता, तो वापरला. आणि दारं कधी लागली ते कळलं म्हणून दाराआड किती निरनिराळे गट होते हा प्रश्न निकालात निघत नाही. दोन्ही खरं असू शकतं.

खडकाळ

'दोन्ही खरं असू शकतं' हे पुण्यातलं आवडतं वाक्य आहे.

थोरलं_चाक

मी नगरचा आहे राव.

मंजिरी_ताक

जातीवर पुरेशी हाणामारी झाली असेल तर महाभारताकडे येते, कारण बाईंचं नाव घरोघरी झालं ते त्यामुळे. 'युगान्त' १९६७ चं, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी.

कोरडवाहू म्हणतात की हात न जोडता भांडायची सवय बाईंनी लावली. अगदी मान्य. भांडारकर संस्थेची महाभारताची संशोधित आवृत्ती समोर ठेवून त्या लिहितात. त्या आवृत्तीच्या मूळ पाठात द्रौपदीनं कृष्णाचा धावा केल्याचा प्रसंग नाही. ज्या देशात वस्त्रहरण म्हटलं की वरून साड्या सोडणारा कृष्णच डोळ्यांपुढं येतो, तिथं नुसतं तेवढं सांगणं किती मोठं आहे! खांडववनाच्या जळिताचंही तेच. आपण ते पराक्रम म्हणून ऐकलं होतं. बाईंनी आत जळणारे नाग आणि जनावरं दाखवली. जंगल साफ करून जमीन घेणाऱ्यांची ती गोष्ट झाली. धर्मराज हा विदुराचा मुलगा असावा हा तर्क वाचून माझ्या आजीनं पुस्तक आठवडाभर देव्हाऱ्याच्या खोलीत येऊ दिलं नव्हतं.

पण तरीही मला बाईंचा राग येतो, आणि तो याच पुस्तकामुळे. भर सभेत द्रौपदी विचारते की स्वतःला हरलेला माणूस मला पणाला लावू शकतो का. अख्ख्या महाभारतात मला याहून धारदार प्रश्न दिसत नाही. आणि बाई काय म्हणतात? तिनं असा कायद्याचा कीस काढायला नको होता, ती पंडिता म्हणून मिरवायला गेली, सरळ माणुसकीला आवाहन करायचं. बर्लिनमध्ये ज्या बाईनं भर विद्यापीठात गुरूच्या सिद्धान्ताला 'पुरावा काय' असं विचारलं, तिनंच द्रौपदीला गप्प बसायला सांगावं? कुंतीला, गांधारीला एवढं समजून घेतलं आणि इथंच हात का आखडला?

कोरडवाहू

मंजिरी, तो भाग मी वेगळा वाचतो. बाईंचा रोख असा की ज्या सभेत एकही माणूस उत्तर द्यायला तयार नाही, तिथं नियमांच्या भाषेत बोलून काय मिळणार? कायदा त्याच लोकांचा. भीष्मसुद्धा धर्म सूक्ष्म आहे म्हणून अंग काढून घेतो. प्रश्न चुकीच्या न्यायालयात विचारला गेला, असं त्यांना म्हणायचं असावं.

मंजिरी_ताक

मग दोष न्यायालयाला द्यावा ना! प्रश्न विचारणारीला कशाला? हे आजही रोज चालतं, तक्रार करणाऱ्या बाईला 'तू शब्द जरा वेगळे वापरायला हवे होतेस' असं सांगणं. तुमचं समर्थनही त्याच वळणावर चाललंय, बघा.

लँब्रेटा

कोणीच सांगितलं नाही म्हणून: पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाईही त्याच. एवढंच.

वाखरी

मी वारकऱ्याच्या घरातला, त्यामुळे बाईंच्या वारीवरच्या 'वाटचाल' या लेखाबद्दल लिहितो.

महाराष्ट्र म्हणजे ज्या मुलखातले लोक पंढरीला जातात तो, अशी व्याख्या बाईंनी केली. भाषणांत ती अजून फिरते, बहुतेक वेळा बाईंचं नाव न घेता. सुरेख आहे, पण मला अडचण आहे. जे पंढरीला जात नाहीत त्यांचं काय? जेजुरीला जाणारे, हाजीमलंगला जाणारे, दीक्षाभूमीला जाणारे? संयुक्त महाराष्ट्राच्या आसपासच्या काळाला एकत्वाची गरज होती, म्हणून ती व्याख्या रुजली असावी.

मात्र त्याच लेखात त्यांनी जे लिहून ठेवलं ते भाषणं करणारे कधी सांगत नाहीत. दिंडी एक, अभंग एक, टाळ एक, चालायचं एकत्र. आणि दुपारच्या मुक्कामावर ब्राह्मणांची चूल निराळी, मराठ्यांची निराळी. बाई दोन्हींकडच्या बायकांबरोबर चालल्या, दोन्हींकडे बोलल्या. पंगती एक व्हाव्यात असं त्यांना फार वाटलं, आणि त्या होत नाहीत याचं दुःख त्यांनी लपवलं नाही. खडकाळ, 'दार' त्यांना दिसत नव्हतं असं नका म्हणू. चुलीपाशी बसून पाहिलंय त्यांनी.

खडकाळ

दोन चुली दिसल्या हे कबूल. तिसऱ्यांचं काय? चोखोबाच्या नावानं निघालेल्यांची चूल त्यांच्या चित्रात किती? दिंडीतल्या ब्राह्मण-मराठा फरकानं हळहळणं ही त्या काळच्या सुधारकांची ठरलेली हद्द होती. पंढरपूरच्या देवळाची दारं १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडली. महाराष्ट्राची व्याख्या पंढरीवरून करायची तर ही आठवण त्या व्याख्येत यायला हवी होती.

शिवसागर_बॅकवॉटर

इतका वेळ नुसतं वाचत होतो.

आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. बाईंनी आपल्या कन्या जाई निंबकरांबरोबर कोयना धरणग्रस्तांची पाहणी केली, १९६९ साली ती डेक्कन कॉलेजनं छापली. वरच्या एवढ्या चर्चेत तिचा उल्लेख कोणी केला नाही. कवट्या आल्या, द्रौपदी आली, स्कूटरसुद्धा आली.

वडील सांगायचे, नव्या जागेत जमीन मिळाली-नाही यापेक्षा जास्त वर्षं टिकलेला त्रास सोयरिकीचा. जुन्या खोऱ्यात कोणाची मुलगी कोणाकडं, हे डोंगराच्या दोन्ही बाजूंना पाठ. ते खोरं फुटून माणसं निरनिराळ्या जिल्ह्यांत गेली. नव्या गावात आम्ही 'धरणवाले', मुलगी द्यायला कोणी तयार नाही. जुने सोयरे एसटीच्या दोन गाड्या बदलून. माझ्या दोन्ही आत्या त्यामुळे उशिरापर्यंत घरी होत्या. नातं म्हणजे काय, हे ज्यांनी आयुष्यभर अभ्यासलं त्यांनीच धरणग्रस्तांकडं जाणं मला फार योग्य वाटतं. नुकसानभरपाईच्या फॉर्मात सोयरिकीचा रकाना नसतो.

म्हणून मला विचाराल तर बाईंचा प्रभाव पडला, पण आपण त्यातलं गोड तेवढं उचललं. महाभारतातल्या कुरुवंशाचं दुःख आम्हाला पाठ, आणि साठ वर्षांपूर्वी उठवलेल्या गावांचं नाही.

कोरडवाहू

शिवसागर, हे मूळ धाग्यात यायला हवं होतं. यात भर एवढीच की धरणं देशाची देवळं आहेत असं म्हणण्याचा तो काळ, आणि उठवलेल्या माणसांकडं जाऊन त्यांचं काय झालं ते विचारणारे तेव्हा मोजकेच. खडकाळ, निदान इथं तरी बाई 'सदाशिव पेठे'बाहेर गेल्या हे मान्य करा.

खडकाळ

'सदाशिव पेठ' मी कुठंही म्हटलेलं नाही, ते तुमच्याच मनातलं.

गेल्या, मान्य. पण पाहणी इंग्रजीत छापली आणि 'युगान्त' मराठीत लिहिलं. मराठी वाचकानं त्यातलं गोड तेवढं उचललं असं म्हणायला, कडू त्याच्या ताटात वाढलं तरी होतं का?

शिवसागर_बॅकवॉटर

नव्हतं. वडिलांना ती पाहणी मीच वाचून दाखवली, वाक्यावाक्याला मराठी करून. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, यात आपल्या गावचा तक्ता कुठल्या पानावर आहे.