दोमियेचा ‘गार्गांत्युआ’: व्यंग की नुसती घाण?

कट्टेकरी: कालच्या धाग्यात फ्रेंच व्यंगचित्रकार दोमियेच्या ‘गार्गांत्युआ’ला (१८३१) कुणीतरी ‘व्यंगचित्रांचा मुकुटमणी’ म्हटलंय. राहवलं नाही म्हणून लिहितोय. गोष्टीतला खादाड राक्षस गार्गांत्युआ म्हणून फ्रान्सचा राजा लुई फिलिप शौचाच्या खुर्चीत बसलाय, हमाल फळीवरून चढून त्याच्या तोंडात नाण्यांच्या टोपल्या ओततायत आणि खालून सनदा-पदकं पडतायत. शाळेच्या संडासातल्या भिंतीवर याहून बरं सापडतं. या चित्रापायी दोमिये तुरुंगात गेला म्हणून थोर, एवढंच.

रेघोटी: चित्राचा कोपरा न् कोपरा बघितलात का? उजवीकडे फाटके लोक होतं-नव्हतं ते टोपलीत टाकतायत. खुर्चीखाली गुबगुबीत मंडळी कागद झेलायला टपलीयत. कर आत, खिरापत बाहेर! हे सभ्यपणे काढून दाखवा बरं. काढणारा होता २३ वर्षांचा.

शिळाछाप: खटला प्रकाशक ओबेर आणि दगडावरून छापणारा देलापोर्त यांच्यावरही झाला. त्या देलापोर्तचं नाव घेतं का कुणी? आमचे आजोबा शिळाप्रेसमध्ये, म्हणजे दगडावर चित्र काढून छापायच्या छापखान्यात, दगड घासायचे. वाळू-पाणी घालून, आधीचं चित्र पुरतं जाईपर्यंत. बोटं कायम फुटलेली. कॅलेंडरवर सही मात्र चित्रकाराची.

कट्टेकरी: इथे आजोबा कुठून आले?

शिळाछाप: दगड घासल्याशिवाय तुमचा मुकुटमणी उमटला असता का? एसी खोलीत बसून ‘कला कला’ करणाऱ्यांना काय कळणार!

रेघोटी: आजोबांना नमस्कार. पण सेंत-पेलाजीच्या तुरुंगात दोमियेच गेला ना? सहा महिने कैद, ५०० फ्रँक दंड.

शिळाछाप: त्यातले काही महिने डॉ. पिनेलच्या इस्पितळात, तेही सांगा की. कामगाराची अशी सोय लावली असती कुणी?

रेघोटी: घ्या, आता कैदही कमी पडली! मग १८३४ चं ‘र्‍यू त्रांसनोनँ’ बघा. पॅरिसच्या त्या नावाच्या रस्त्यावर सैनिकांनी घरात घुसून माणसं मारली, त्यानंतरचं. अंगरख्यातला बाप पलंगाला टेकून पडलाय आणि त्याच्या अंगाखाली तान्हं मूल. सरकारने प्रती हुडकून जप्त केल्या.

कट्टेकरी: त्या चित्रापुढे बोलती बंद होते, मान्य. पण त्यात संडास आहे का? नाही! माझंच म्हणणं सिद्ध झालं.

रेघोटी: धन्य आहे! १८३५ च्या कायद्याने चित्र छापण्याआधी परवानगी सक्तीची केली, लेखाला नाही. चित्र किती झोंबतं ते सरकारला कळलं होतं, तुम्हाला सोडून.

शिळाछाप: आणि ‘ला कारिकात्युर’ हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक बंद पडलं तेव्हा छापखान्यातल्यांचं काय झालं, ते कोण सांगणार?

कट्टेकरी: ठीक आहे, थोर तर थोर. फ्रेम करून जेवणाच्या टेबलासमोर लावा आणि पाहुण्यांना बोलवा.