खड्ड्यात आपटलं की सायकलचा दिवा लुकलुकायला लागतो, काय करू?

मळ्यावरचा (मिरज)

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला आहे. रात्री उशिरा सुटतो आणि साध्या काळ्या सायकलवरून मिरजेच्या पुढे मळ्यातल्या घरी जातो. शेवटचे चार किलोमीटर रस्त्याला एकही खांब नाही. त्यात आता कारखाने सुरू झालेत. उसाच्या ट्रॉल्या रस्त्याकडेला उभ्या, मागे ना दिवा ना रेडियम.

साडेतीनशे रुपयांची झूमवाली टॉर्च घेतली, आत १८६५० म्हणतात तो चार्जिंगचा जाड सेल, सोबत प्लास्टिकचा क्लॅम्प. तीन तक्रारी आहेत. गतिरोधकावर टॉर्च मान टाकते. समोरून येणारे ओरडतात, डोळ्यांवर येतो म्हणून. आणि खड्डा लागला की आपोआप मोड बदलून लुकलुकायला लागते. सोमवारी तसंच झालं. बटण चाचपत होतो तेवढ्यात पुढचं चाक सांडलेल्या उसावर चढलं. पडलो, कोपर सोलवटलं. मागून गाडी नव्हती म्हणून बरं.

मुलीची फी आत्ताच भरलीय, महागडा दिवा या महिन्यात जमणार नाही. आहे त्यातच काही करता येईल का?

जॉबर_इचल (इचलकरंजी)

दादा, कोपराला जपा. टॉर्च टाकू नका, दोष छोटा आहे. मी यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आहे, रात्रपाळीला असलीच टॉर्च दोन वर्षं वापरतोय.

आधी मोडचं सांगतो. या टॉर्चला बटण एकच. ते अर्धं दाबलं की क्षणभर वीज तुटते आणि आतलं सर्किट पुढच्या मोडवर जातं. खड्ड्यात सेल स्प्रिंगवर उडतो, तेव्हाही वीज तशीच क्षणभर तुटते. सर्किटला वाटतं तुम्हीच बटण दाबलंत. म्हणून मागचं झाकण काढा आणि स्प्रिंग चिमट्यानं धरून तीन-चार मिलिमीटर ओढून लांबवा. मग टॉर्च कानाजवळ धरून हलवा. सेल खुळखुळत असेल तर त्याला जाड कागद गुंडाळा. मी वहीचं कव्हर वापरलं. कागद फक्त अंगाभोवती, दोन्ही टोकं उघडी राहिली पाहिजेत. झाकणाचे आटे आणि नळीची कड कोरड्या कापडानं पुसा. वीज तिथूनच परत जाते, काळा थर बसला की तिथंही तुटते. आवरण फाटलेला किंवा फुगलेला सेल मात्र अजिबात वापरू नका.

आता क्लॅम्प. आपल्या काळ्या सायकलचं हँडल जेमतेम २२ मिलिमीटर जाड, आणि हे क्लॅम्प त्याहून जाड दांडीला बसतील असे केलेले. पंक्चरवाल्याकडे फाटकी ट्यूब मागा, फुकट देतो. दोन बोटं रुंद पट्टी कापा आणि आतली पांढरी पावडर साबणानं धुऊन टाका. ही पायरी गाळू नका, पावडर राहिली की रबरावर रबर सरकतं. माझं पहिल्यांदा तेच झालं होतं. ताणून दोन वेढे द्या, त्यावर क्लॅम्प आवळा. मग त्याच ट्यूबची आडवी चकती कापा, ते झालं मजबूत रबरबँड. टॉर्च आणि हँडल त्यानं आठच्या आकड्यात बांधा. क्लॅम्प मोडला तरी टॉर्च रस्त्यावर पडणार नाही.

समोरच्याच्या डोळ्यांचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तो दिपला तर आपल्यालाच येऊन धडकेल. सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. टॉर्च जमिनीपासून मीटरभर उंच असेल तर भिंतीवर उजेडाचा मध्य अर्ध्या मीटरवर पडला पाहिजे. म्हणजे रस्त्यावर तो १० मीटरवर टेकतो. ताशी १८ किलोमीटरनं जात असाल तर दोन सेकंद हातात मिळतात. झूम ओढून चौकोनी ठिपका करू नका, त्यात कडेचं काही दिसत नाही. शाम्पूच्या बाटलीचा अर्धगोल तुकडा कापा, आतून काळा टेप लावा आणि टॉर्चच्या तोंडावर वरून टोपीसारखा बसवा.

गोदाकाठ (नाशिक)

दादा, तुम्ही मागच्या दिव्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत! ट्रॉली तुम्हाला दिसेल, पण मागून येणाऱ्याला तुम्ही दिसायला नकोत का? आधी रेडियम पट्टी आणा. गाड्यांचे नंबर रंगवणाऱ्याकडे उरलेले तुकडे मिळतात. लाल पट्टी मागच्या मडगार्डवर, आणि पेडलच्या मागच्या कडेला पिवळी. पेडल वरखाली होतं, त्यामुळे गाडीवाल्याला लांबूनच कळतं की सायकल आहे.

माझ्या लाल दिव्यात बटण सेल होते, सारखे संपायचे. तीन एलईडी ठेवले, सर्किट काढून टाकलं आणि दोन पेन्सिल सेलचा डबा सीटखाली बांधला. व्होल्ट तेच, तीन. पण बटण सेल स्वतःच वीज अडवून धरतो, पेन्सिल सेल तसं करत नाही. म्हणून प्रत्येक एलईडीला ४७ ओहमचा रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा छोटा भाग, लावला. आता दिवा स्थिर जळतो, तेच बरं. नुसत्या लुकलुकीवरून मागच्याला अंतराचा अंदाज येत नाही. दिवा कॅरिअरच्या शेवटी लावा, सीटखाली लावला तर डब्याच्या पिशवीमागे झाकतो.

जुनी_सायकल (सातारा)

आमच्या वेळी ६ व्होल्ट ३ वॅटचा डायनमो असायचा. दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचे. एकच सांगतो, टॉर्च हँडलवरून काढून खाली, जुन्या दिव्याच्या ब्रॅकेटवर लावून बघा. उजेड खालून आला की खड्ड्याची सावली लांब पडते, खोली कळते. वरून टाकलेल्या उजेडात खड्डा नुसता डागासारखा दिसतो.

मळ्यावरचा (मिरज)

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दुपार घालवली. स्प्रिंग ओढली, कागद घातला, ट्यूब दोनदा धुतली. टॉर्च ब्रॅकेटवर घेतली. तिथं ती ७० सेंटिमीटरवर आहे, म्हणून भिंतीवर ३५ वर खूण केली. ताई, रेडियम १५ रुपयांत मिळालं. मुलीनं स्वतः कात्रीनं कापून पेडलला चिकटवलं. रेझिस्टरचं काम पगार झाल्यावर.

तीन रात्री झाल्या, मोड एकदाही बदलला नाही. काल दुधाची गाडी समोरून आली, तिनं डिपर मारला नाही. पुलाच्या अलीकडे चाकाच्या वाटेत ऊस पडला होता. लांबूनच दिसला, उतरून कडेला टाकला.

जॉबरभाऊ, टोपी मात्र खडखड वाजते. तिथंही ट्यूबच घालू का?

जॉबर_इचल (इचलकरंजी)

हो, पण पातळ पट्टी घाला, आणि खालची बाजू उघडी ठेवा. पावसाळ्यात पाणी तिथून निघून जाईल.